हलक्या जमिनीचे वंशधन

आपल्या भाषेत जमिनीला जितके शब्द आहेत, तितके फार थोड्या गोष्टींना असतील. काळी, भारी, मध्यम, हलकी, मुरमाड, बरड, चोपण, खडकाळ; यांतल्या प्रत्येक शब्दामागे कुणबिकीचा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव उभा आहे. 'रान भारी आहे' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ज्वारीची ताटे डोलू लागतात. 'बरड आहे' म्हटले की सोयरीक ठरवायला आलेला पाहुणासुद्धा मनातला हिशेब बदलतो. जमिनीची ही प्रतवारी धान्याच्या मापाने झालेली आहे आणि पोटाचा प्रश्न असल्यामुळे ती तशी व्हावी यात काही वावगे नाही. परंतु धान्याचे माप हेच एक माप नव्हे. ज्या जमिनीला शेतकरी हलकी म्हणतो, तिथे निसर्गाने असे काही धन पुरून ठेवले आहे की, ते भारी जमिनीत एक दिवसही टिकणार नाही. या धनाचा शोध कसा लागला, ते वाचविण्याचे शास्त्र कसे घडत गेले आणि त्यात आनुवंशशास्त्राचा हात कोठे लागला, हा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडणार आहोत.

त्यासाठी चौसाळ्याच्या श्रोत्यांना प्रथम दूर नेण्याची गरज नाही. बीडहून निघून मांजरसुंब्याचा घाट चढला की आपण बालाघाटच्या पठारावर येतो. नदीओढ्यांच्या काठची काळी जमीन सोडली, तर भोवतालचा माळ म्हणजे वीतभर मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली कातळ. दप्तरात याला पडीक म्हणायचे, गावाने गायरान म्हणायचे आणि वाटसरूने उजाड म्हणून पुढे जायचे, अशी रीत पडून गेली आहे. पण मृगाचे दोन पाऊस पडल्यावर हाच माळ पाहावा. कुसळी आणि तरवड यांच्या आधाराने कितीतरी नाजूक कोंब वर येतात. कंद, गड्डे आणि गाठाळ मुळे यांच्या रूपाने हे जीव सात-आठ महिने जमिनीत दडी मारून बसलेले असतात. चार महिन्यांत पान, फूल, फळ, बी असा सारा संसार उरकून ते पुन्हा मातीआड होतात. मराठवाड्यातील अशा वनस्पतींची रीतसर नोंद प्रा. व्ही. एन. नाईक यांनी केली. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यावरचा त्यांचा ग्रंथ १९७९ साली आणि अवघ्या मराठवाड्यावरचा ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला. ज्या माळाला आपण उजाड म्हणतो, त्याच्या रहिवाशांची ही जणू खानेसुमारीच आहे.

या रहिवाशांपैकी कित्येक आता विरळ होत चालले आहेत. ते वाचवावेत कसे, असे विचारले तर सामान्य माणूस उत्तर देईल की, रोपवाटिका काढावी, रोपे वाढवावीत, एकाची शंभर करावीत. उत्तर चुकीचे नाही. पण ते अर्धेच आहे. शंभर रोपे म्हणजे शंभर जीव असे वनस्पतींच्या बाबतीत म्हणता येत नाही. ती शंभरही एकाच रोपाच्या फांद्या असू शकतात, आणि तसे असेल तर वंशाच्या दृष्टीने आपल्यापाशी एकच जीव आहे. संख्या वाढली तरी धन वाढलेले नसते. ही गोष्ट आज सोपी वाटते. परंतु ती कळायला शास्त्राला शंभरावर वर्षे लागली.

आधी या जमिनींची हकीकत पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे थरावर थर बाहेर आले आणि आपला दख्खनचा काळा कातळ तयार झाला. ऊनपावसाने तो झिजून काळी माती झाली. परंतु जेथे पावसाचा मारा अतिशय होता, तेथे निराळाच प्रकार घडला. पाण्याने कातळातील सिलिका, चुना वगैरे द्रव्ये विरघळवून नेली आणि लोह व अॅल्युमिनियम यांचा तांबडा, सच्छिद्र थर माथ्यावर शिल्लक राहिला. यालाच कोकणात जांभा म्हणतात. जांभा पाहायला कोकणातच जावे लागते असेही नाही. आपल्या पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा पुढे बिदरच्या मुलखात जाते. त्या बिदरचा किल्ला ज्या तांबड्या दगडाचा आहे, तोच हा जांभा. तात्पर्य, आपला काळा मुरमाड माळ आणि सह्याद्रीचा तांबडा सडा ही एकाच कातळाची दोन लेकरे आहेत.

साताऱ्याजवळचे कासचे पठार हे या तांबड्या सड्याचे प्रख्यात उदाहरण. उंची सुमारे १२०० मीटर. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कास आहे. श्रावण-भाद्रपदात तेथे लोटणारी गर्दी फुले पाहून परतते. पण त्या फुलांच्या पायाखाली माती किती आहे, हे फार थोडे लोक पाहतात. कोठे चार बोटे, कोठे तीही नाही. पावसाळ्यात पाणी तुंबलेले, वैशाखात दगड तापून पाय ठेववत नाही, आणि नत्र-स्फुरदाच्या नावाने शून्य. तेथली 'सीतेची आसवे' आणि 'दवबिंदू' ही चिमुकली रोपे किडे पकडून पोट भरतात, ते हौसेने नव्हे. जमीन जे देत नाही, ते त्यांनी हवेतून आणि पाण्यातून मिळवायचे ठरविले आहे.

अशा दरिद्री जागीच दुर्मिळ वनस्पती का सापडतात? कारण सोपे आहे. भारी जमिनीवर जोमदार गवते आणि झाडे लहानसहान रोपांना डोके वर काढू देत नाहीत. हलक्या जमिनीवर या दांडग्यांचा निभाव लागत नाही. तेव्हा जो कष्टाळू आहे, थोड्यात भागवणारा आहे, त्याला तेथे जागा मिळते. शिवाय एक पठार आणि दुसरे पठार यांच्यामध्ये खोल दऱ्या असतात. दरीतल्या जंगलात सड्यावरचे रोप जगत नाही. त्यामुळे प्रत्येक पठार आणि प्रत्येक गडाचा माथा हे जणू एकेक बेट होऊन बसते. बेटावरची माणसे जशी हजारो वर्षांत आपली स्वतंत्र बोली बनवतात, तशी या बेटावरची रोपे आपली स्वतंत्र जात बनवतात.

ही बेटे शास्त्राच्या नजरेत आली ती एकोणिसाव्या शतकात. मुंबई इलाख्यातील वनस्पतींचे पहिले मोठे पुस्तक डाल्झेल आणि गिब्सन या दोन अधिकाऱ्यांनी १८६१ साली प्रसिद्ध केले. दोघेही जंगलखात्यातले. याच डाल्झेलने पुढे जुन्नरच्या परिसरातील एका चमत्कारिक रोपाचे वर्णन केले. कड्याच्या फटीत उगवणारे, निवडुंगासारख्या मांसल दांड्याचे, परंतु पावसाळ्यात चक्क हिरवी पाने धरणारे आणि उन्हाळ्यात ती टाकून देणारे हे रोप होते. आपल्या माळावर गुराखी जी माकडशिंग मोडून खातात, तिच्याच भाऊबंदांपैकी हे. फक्त त्या साऱ्या कुळात खरी पाने धरणारे असे दुसरे रोप नव्हते. डाल्झेलने त्याला तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचे नाव दिले : फ्रेरिया इंडिका. लोकांच्या तोंडी मात्र त्याचे नाव शिंदळ माकुडी. अलीकडच्या काही शास्त्रज्ञांनी त्याचे कूळ बदलून दुसऱ्या नावाखाली ते नोंदविले आहे. पण शिवनेरी, पुरंदर, महाबळेश्वर अशा मोजक्या ठिकाणांच्या कड्यांखेरीज ते रानात सापडत नाही, ही गोष्ट नाव बदलून बदललेली नाही.

डाल्झेलनंतर पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची रचली. मग मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील फादर ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स मॅककॅन यांनी पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजूला पुष्कळ भटकंती केली. १९५५ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची पश्चिम विभागाची कचेरी पुण्यात सुरू झाली, तेव्हा या शोधाला नवा जोर आला. एम. वाय. अन्सारी, हेमाद्री प्रभृतींनी गडकोट पालथे घातले आणि कंदीलपुष्पांच्या नवनव्या जाती उजेडात आणल्या. जुन्नर भागातल्या एका जातीला १९७१ साली पुण्याचे ज्येष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. महाबळे यांचे नाव मिळाले. नाशिकजवळच्या अंजनेरीवरची एक जात तर अगदी २००६ साली शास्त्राला माहीत झाली. ज्या डोंगरावर शेकडो वर्षे यात्रेकरूंची पावले उमटत आहेत, तेथे एक वनस्पती एकविसाव्या शतकापर्यंत निनावी राहिली होती.

कंदीलपुष्प म्हणजे सेरोपेजिया. गुराख्यांच्या तोंडी 'खरपुडी' अशी नावे आहेत, कारण त्यांचे लक्ष फुलाकडे नसून जमिनीतल्या गोडसर कंदाकडे असते. भारतात याच्या पन्नासाहून अधिक जाती असून त्यांतल्या निम्म्याहून अधिक भारताबाहेर कोठेही नाहीत. फूल खरोखरच जुन्या कंदिलासारखे असते. खाली फुगीर, मध्ये अरुंद नळी, वर पाकळ्या टोकांशी जुळून केलेले छत. वासाने भुललेली बारीक माशी नळीतून आत शिरते. नळीतले केस खाली वळलेले असल्यामुळे तिला परत फिरता येत नाही. एखाद्या दिवसाने केस कोमेजतात आणि माशी सुटते. पण सुटताना परागकणांची एक पुडी तिच्या अंगाला चिकटलेली असते. ही पुडीची गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. पुढे ती फार उपयोगी पडणार आहे.

येथवर झाली ती नोंदींची आणि नावांची हकीकत. दुसरी हकीकत आनुवंशशास्त्राची. मेंडेल या धर्मोपदेशकाने मठाच्या बागेत वाटाण्यावर केलेले प्रयोग १८६६ साली छापले गेले आणि ३४ वर्षे तसेच पडून राहिले. १९०० साली जगाने ते पुन्हा वाचले, तेव्हा कळले की, आईबापांचे गुण संततीत दुधात साखर विरघळावी तसे मिसळून जात नाहीत. ते सुट्या दाण्यांसारखे वेगळे राहतात आणि पिढ्यांमागून पिढ्या फिरत राहतात. या दाण्यांना पुढे जनुके हे नाव मिळाले. आपल्या देशात या शास्त्राची आणि वनस्पतींच्या पाहणीची सांगड ज्यांनी घातली, त्यांत डॉ. जानकी अम्माळ यांचे नाव अग्रभागी आहे. १९४५ साली डार्लिंग्टन यांच्या बरोबरीने त्यांनी लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश सिद्ध केला आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची घडी नव्याने बसविण्याचे कामही त्यांनी अंगावर घेतले.

पण जमिनीचा आणि जनुकांचा संबंध काय? हा प्रश्न स्वीडनमधील टुरेसन यांनी हाती घेतला. एकाच जातीची रोपे त्यांनी समुद्रकाठाहून, कुरणातून, डोंगरातून आणून एका बागेत शेजारी शेजारी लावली. माती एक, पाणी एक, ऊन एक. तरी समुद्रकाठची रोपे बुटकीच राहिली आणि कुरणातली उंचच वाढली. १९२२ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की, हा फरक केवळ जागेचा नसून रक्तात उतरलेला आहे. १९५१ साली अमेरिकेतील क्रुकबर्ग यांनी हीच गोष्ट जमिनीबद्दल दाखवून दिली. कॅलिफोर्नियात सर्पेंटाईन नावाच्या खडकाची माती आहे. तिच्यात चुना कमी, मॅग्नेशियम आणि निकेल फार. त्या मातीत जन्मलेल्या रोपांचे बी तेथे तग धरते. त्याच जातीचे, पण शेजारच्या चांगल्या जमिनीतले बी तेथे पेरले तर खुरटते. पाठोपाठ ब्रिटनमध्ये ब्रॅडशॉ यांनी १९५२ साली दाखविले की, वेल्समधील शिशाच्या जुन्या खाणीच्या विषारी मातीवर उगवणारे गवत शेजारच्या कुरणातील त्याच जातीच्या गवताहून वंशानेच वेगळे झालेले आहे.

आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. मोहोळला निवड होऊन पसरलेली मालदांडी ज्वारी कोरडवाहू रब्बीत का टिकते आणि दुसरे वाण तेथे का वाळते, हे त्याला ठाऊक आहे. जमिनीला मानवणारे बियाणे ही त्याची रोजची भाषा आहे. टुरेसन, क्रुकबर्ग, ब्रॅडशॉ यांनी ती भाषा रानातल्या वनस्पतींनाही लागू असल्याचे मोजून दाखविले, एवढेच. यातून पहिला धडा निघतो. दुर्मिळ रोप वाचवायचे तर नुसती जात वाचवून भागत नाही. त्या त्या जमिनीशी जुळवून घेतलेला तिचा प्रत्येक वंश वाचवावा लागतो. शिवनेरीच्या कड्यावरची माकुडी आणि महाबळेश्वरच्या कड्यावरची माकुडी दिसायला एक असेल. पण एक पुष्कळ कमी पावसात वाढलेली आहे, दुसरी धो धो पावसात. दोन्ही एकच समजून एकीच्या जागी दुसरी लावणे धोक्याचे आहे.

दुसरा धडा संख्येचा. १९३१ साली अमेरिकेचे स्यूअल राईट यांनी गणिताने सिद्ध केले की, लहान समूहात जनुके केवळ नशिबाने गळून जातात. ओंजळीत पाच रंगांचे मणी आहेत आणि दर पिढीला त्यांतून चारच मणी उचलायचे आहेत असे समजा. कोणताही रंग वाईट नसताना दहा पिढ्यांत एकदोनच रंग उरतील. शिवाय लहान समूहात सारेच एकमेकांचे नातलग होतात आणि जवळच्या नात्यातल्या संकराने लपलेले दोष वर येतात. आपल्या वाडवडिलांनी सोयरीक करताना कूळ पाहायचे ठरविले, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही शहाणपण असावे. किती रोपे असली म्हणजे भीती नाही, याचा एक ढोबळ हिशेब फ्रँकलिन यांनी १९८० साली मांडला : थोड्या काळासाठी निदान ५० आणि दीर्घ काळासाठी ५००, आणि तीही परस्परांत संकर करून पुढची पिढी देणारी. पुढच्या अभ्यासकांनी तर हे आकडे दुप्पट करावेत असे म्हटले.

येथे कोणी म्हणेल, हे सारे कागदावरचे गणित झाले. म्हणून दोन प्रत्यक्ष उदाहरणे सांगतो. न्यूमन आणि पिल्सन या दोघांनी अमेरिकेत क्लार्किया नावाच्या रानफुलाचे अनेक लहान समूह लावले. प्रत्येक समूहात आरंभीची रोपे सारख्याच संख्येची. फरक इतकाच की, काही समूहांत ती एकमेकांची जवळची नातलग होती आणि काहींत दूरची. काही पिढ्यांनी पाहिले, तो दूरच्या नात्याच्या समूहांपैकी शेकडा ७५ जिवंत होते आणि जवळच्या नात्याच्या समूहांपैकी फक्त शेकडा ३१. हा प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. संख्या तीच, जमीन तीच, पाऊस तोच. जगणे-मरणे ठरविले ते वंशातल्या वैविध्याने.

दुसरे उदाहरण तर आमच्या विषयाच्या अगदी गाभ्याचे आहे. अमेरिकेतील पंचमहासरोवरांच्या परिसरात चुनखडीचे उघडे कातळ आहेत. मातीचा थर नावाला. तेथे 'लेकसाईड डेझी' नावाचे पिवळ्या फुलांचे रोप वाढते. इलिनॉय राज्यात त्याचा एकच लहानसा समूह उरला होता. रोपे टवटवीत होती, दरसाल फुलत होती. पण वर्षानुवर्षे एकही बी धरले नाही. पाहणाऱ्याला वाटावे, समूह सुखरूप आहे. डेमॉरो यांनी संकराचे प्रयोग करून उलगडा केला. या रोपात स्वतःचा किंवा स्वतःसारख्याच वंशखुणेचा पराग चालत नाही. आणि उरलेली सारी रोपे एकाच वंशखुणेची होती! जणू गावात सगळीच घरे एका कुळीची राहिली आणि सोयरीक करायला कोणी उरलेच नाही. ओहायो राज्यातील रोपांचा पराग आणला, तेव्हा बी धरले आणि १९८८ पासून नव्या जागी रोपे लावता आली. कुंपण, पाणी, पहारा यांतल्या कशानेही हा समूह वाचला नसता. रोग वंशात होता. औषधही वंशातूनच द्यावे लागले.

आता पुन्हा सह्याद्रीकडे वळू. शिंदळ माकुडीची फांदी मोडून कुंडीत खोचली की ती जगते. म्हणूनच १९८० नंतरच्या दशकात जगातील अत्यंत संकटग्रस्त बारा वनस्पतींत जिची गणना झाली, ती माकुडी आज देशोदेशींच्या शोभेच्या कुंड्यांत दिसते. साताऱ्याच्या वाटेवर शिरवळजवळ असलेल्या नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्रात तिच्यावर चांगले काम झाले आहे. परंतु फांदीपासून केलेले रोप ही मूळ रोपाची हुबेहूब नक्कल असते. एका कड्यावरच्या एका रोपाच्या हजार कुंड्या भरल्या तरी वंश एकच. एखादा रोग त्या एकाला लागू पडला तर तो हजारांनाही लागू पडेल. तेव्हा दहा कड्यांवरच्या शंभर निरनिराळ्या रोपांच्या शंभर कुंड्या, प्रत्येकीवर गडाचे आणि मातृरोपाचे टिपण, हे खरे संरक्षण. कुंडीवरची चिठ्ठी हरवली म्हणजे निम्मे संरक्षण हरवले.

कंदीलपुष्पांच्या बाबतीत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने जे काम केले, त्याचा महाराष्ट्राला अभिमान वाटावा. प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांचे विद्यार्थी यांनी दुर्मिळ जाती विद्यापीठाच्या उद्यानात जमविल्या, बियांपासून आणि ऊतिसंवर्धनाने वाढविल्या आणि मूळच्या डोंगरांवर पुन्हा नेऊन लावल्या. ऊतिसंवर्धनात काचेच्या बाटलीत पेशींपासून रोप घडते. या घाईत जनुकांत काही बिघाड तर होत नाही ना, याचीही तपासणी त्यांनी जनुकीय खुणा वापरून 'सेरोपेजिया इव्हान्सी'सारख्या जातींत केली. बहुतेक भारतीय कंदीलपुष्पांत गुणसूत्रे २२ असतात. हेही सूक्ष्मदर्शकाखाली मोजून पाहणाऱ्यांच्या कष्टाचे फळ आहे.

आता ती परागाची पुडी आठवावी. आंब्याच्या मोहोरावर माशी बसते तेव्हा दहा झाडांचे सुटे परागकण इकडून तिकडे जातात. कंदीलपुष्पात मात्र पराग सुटा नसतो; पुडीच्या पुडी जाते. एका शेंगेतली बी बहुधा एकाच पुडीतून, म्हणजे एकाच बापापासून, झालेली असते. शेंग तडकली की रुईसारखी रेशमी म्हातारी वाऱ्यावर उडते आणि पोरे तिच्यामागे धावतात. पण त्या एका शेंगेतल्या साऱ्या म्हाताऱ्या सख्खी भावंडे असतात. म्हणून बी गोळा करणाऱ्याने एकच भरघोस शेंग घेऊन समाधान मानू नये. अनेक वेलींवरची, माळाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतली एकेक शेंग घ्यावी, तीही थोडीच, म्हणजे माळाचे बी माळाला उरेल. एवढ्याशा सावधगिरीत आनुवंशशास्त्राचा सारा अर्क आला आहे. तिला यंत्र लागत नाही आणि खर्चही लागत नाही.

तथापि या शास्त्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वैविध्य हवे म्हणून दूरदूरचे वंश वाटेल तसे मिसळणे हाही उतावीळपणाच. तसे केल्याने जमिनीशी हजारो वर्षांत जमलेले नाते एका पिढीत मोडू शकते. इलिनॉयच्या डेझीला परका पराग दिला, तो दुसरा उपाय उरला नव्हता म्हणून. शिवाय बियांचा साठा हा जमिनीला पर्याय नव्हे. रशियाचे वाविलोव्ह यांनी जगभरचे पिकांचे बियाणे लेनिनग्राडात जमविले. ते स्वतः १९४३ साली तुरुंगात वारले; आणि शहराला वेढा पडला असता त्यांच्या सहकाऱ्यांपैकी काही जण धान्याच्या पोत्यांशेजारी उपाशी मेले, पण बियाण्याला त्यांनी हात लावला नाही. त्या त्यागापुढे मस्तक नमते. परंतु ज्वारी-गव्हाचे बियाणे कोठारातून काढून कोणत्याही शेतात पेरता येते; सड्यावरच्या फुलाला मात्र सडाच लागतो. सडा फोडून टाकला आणि बी बाटलीत ठेवले, तर ती बाटली उघडायची कोठे?

म्हणूनच खरा प्रश्न शेवटी जमिनीपाशी येऊन थांबतो. आणि येथे विरुद्ध बाजूलाही न्याय द्यायला हवा. या भागाने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. ज्यांनी खडी फोडून पोरेबाळे जगविली, त्यांच्या घरच्यांना 'माळ मोडू नका' असे सांगणारा माणूस पोटभरल्या गावचाच वाटणार. रस्त्याला मुरूम हवा, घराला दगड हवा, डोंगरावर पवनचक्की उभी राहिली तर विजेची सोय होते, चार पैसे मिळतात. या गरजा खोट्या नाहीत. आम्ही एवढेच विचारतो की, ज्या माळाचा मुरूम न्यायचा, त्या माळावर काय उगवते हे आधी कोणी पाहिले आहे काय? दोन खाणींऐवजी एक खाण पुरती खोदता येणार नाही काय? आणि हिरवळ वाढावी या सदिच्छेने गवताळ माळावर खड्डे खणून परदेशी झाडांच्या रांगा लावल्या जातात, त्यात त्या माळाच्या मूळच्या हिरवळीचा जीव जात नाही ना? माळ हा मोडलेले जंगल नव्हे. कित्येक ठिकाणी तो स्वतःच एक पुरातन घर आहे. अंजनेरीसारख्या डोंगराला २०१७ साली संरक्षण मिळाले. पण प्रत्येक माळाला सरकार पुरे पडणार नाही.

जे गाव करू शकते, ते मोठे नाही. देवराईला जसे आपण हात लावत नाही, तसा गायरानाचा एखादा कोपरा नांगर आणि कुदळ यांपासून मोकळा ठेवता येईल. शाळेतील मुलांना आषाढात माळावर नेऊन काय उगवले त्याची दरसालची वही लिहवून घेता येईल. अशा दहा वर्षांच्या वह्या जमल्या, तर कोणत्याही विद्यापीठाला त्या मोलाच्या वाटतील. कारण प्रयोगशाळेत जनुक वाचता येते, पण ते रोप कोणत्या टेकाडाच्या कोणत्या कुशीला उगवते, हे गावालाच ठाऊक असते. खरपुडी खणून खाणाऱ्या गुराख्याइतका तिच्या ठावठिकाण्याचा जाणता दुसरा नाही. त्याला दोष देण्यापेक्षा त्याला सोबतीला घेतले, तर शास्त्राचे निम्मे काम होईल.

दुष्काळ हा हलक्या जमिनीचा नित्याचा पाहुणा. ज्या वर्षी भारी रानातले पीकही करपते, त्या वर्षी मुरमातल्या कंदाने जगण्याची युक्ती जपून ठेवलेली असते. ती युक्ती त्याच्या जनुकांत लिहिलेली आहे, आणि ती एका रोपात सगळी नाही. थोडी या वेलीत, थोडी त्या वेलीत, अशी माळभर विखुरलेली आहे. उद्याच्या अधिक कडक उन्हाळ्यात कोणते पान कामी येईल, हे आज कोणालाच सांगता येत नाही. म्हणून पोथीचे एकच पान जपून चालत नाही. पानापानाने ती जपायची आहे, आणि ती ज्या बरड जमिनीवर लिहिली गेली, त्या जमिनीसकट जपायची आहे.